विस्मृतीचे पथ्यापथ्य

वृद्ध माणसाने पोटभर जेवून हात धुवावेत आणि अर्ध्या तासाने दारी आलेल्या पाहुण्यास सांगावे की, "सकाळपासून मला कोणी जेवावयास विचारलेले नाही," असा प्रकार ज्या घरी नित्य घडतो, त्या घरच्या सुनेस काय वाटत असेल याची कल्पना इतरांस सहसा येत नाही. मऊ भात तिनेच शिजविलेला असतो, घासही तिनेच भरविलेले असतात. आणि अपकीर्ती मात्र तिच्याच पदरी येते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे अशा घरांची पत्रे पुष्कळ असतात. त्यांतील प्रश्न बहुधा दोनच. पहिला असा की, विस्मृतीचा हा विकार आहाराने बरा होतो काय? दुसरा असा की, या विकाराचे मूळ आतड्यांत आहे, आणि शौचाचा नमुना तपासून प्रत्येकाचे स्वतंत्र पथ्य लिहून मिळते, असे जे सांगण्यात येते त्यावर विश्वास ठेवावा काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार आज आम्ही एकत्रच करणार आहोत.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी मनोरुग्णांच्या रुग्णालयात १९०१ साली आउगुस्टे नावाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. आलॉइस आल्झायमर या डॉक्टरांनी तिला तपासले व तिची उत्तरे टिपून ठेविली. त्या टिपणांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. दुपारच्या जेवणास तिच्यापुढे फुलकोबी व मांस वाढलेले होते. काय खात आहात असे विचारता तिने 'पालक' असे सांगितले. आणि तोंडात मांस चावीत असताना पुन्हा विचारले तेव्हा बटाट्याचे नाव घेतले. ही स्त्री १९०६ साली वारली. त्याच वर्षी आल्झायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेल्या विकृती ट्युबिंगेन येथील सभेपुढे मांडल्या, आणि १९१० साली क्रेपेलिन या त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या रोगास त्यांचे नाव दिले.

तेव्हा जेवण हे जितके पोटाचे तितकेच स्मृतीचेही कर्म आहे, ही गोष्ट या रोगाच्या पहिल्याच टिपणात नोंदलेली आहे. भूक लागली हे कळणे, ताटातील पदार्थ ओळखणे, घास करणे, चावणे, गिळणे, आणि आपण जेवलो हे ध्यानात राहणे, इतक्या पायऱ्या त्यात आहेत. आपण त्या एका झपाट्याने चढून जातो. रोग्याच्या मात्र त्या एकेक करून ढासळतात, आणि प्रत्येकाच्या निरनिराळ्या क्रमाने ढासळतात. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी शेकडा ७.४ लोकांस स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसांस तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. आणि स्मृतिभ्रंशाच्या कारणांत आल्झायमरचा रोग हेच सर्वांत मोठे कारण होय. हा प्रश्न चार घरांपुरता राहिलेला नाही.

आता आतड्यांकडे वळू. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. धान्याचा कोंडा, भाज्यांचे तंतू, डाळींची टरफले यांचा जो भाग आपणांस पचत नाही तो हे जंतू आंबवितात, आणि त्यातून निघणारी काही आम्ले आतड्याच्या अस्तरास पोषक ठरतात व दाह आवरून धरतात. आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये मज्जातंतूंचा एक मोठा मार्ग आहे. शिवाय रक्तावाटेही निरोप जात असतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली या रोगाचे २५ रुग्ण व २५ निरोगी माणसे यांची तुलना केली, तो रुग्णांच्या आतड्यांतील जंतूंचे वैविध्य कमी आढळले. २०२३ साली सेंट लुईस येथे स्मृती शाबूत असलेली १६४ माणसे घेतली, आणि त्यांपैकी ४९ जणांत रोगाची खूण मात्र दिसत होती. त्यांच्या जंतूंतही फरक दिसून आला. त्याच वर्षी आयर्लंडमधील कॉर्क येथील विद्यापीठाने रुग्णांच्या आतड्यांतील जंतू तरुण उंदरांच्या पोटात घातले, तेव्हा त्या उंदरांची स्मरणशक्ती मंदावली. तेव्हा पोटाचा आणि बुद्धीचा काही संबंध आहे, हे म्हणणे पोकळ नव्हे.

परंतु संबंध असणे निराळे आणि त्यावर उपाय हाती असणे निराळे. विस्मृती जडलेला माणूस हिंडेनासा होतो, मोजकेच पदार्थ खातो, औषधे घेतो, पाणी विसरतो. या सर्वांनीही आतड्यांतील जंतू बदलतात. मग रोगामुळे जंतू बदलले की जंतूंमुळे रोग बळावला, याचा निवाडा अद्याप झालेला नाही. इराणात काशान येथे २०१६ साली ६० रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्यांस उपयुक्त जंतू घातलेले दूध बारा आठवडे दिले, आणि स्मृतीच्या परीक्षेत त्यांचे गुण वाढले. मात्र २०१८ साली अधिक बळावलेल्या रोगाच्या माणसांस असेच जंतू देऊन पाहिले तेव्हा काहीच लाभ झाला नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पालेभाज्या, कडधान्ये, कठीण कवचाची फळे वगैरेंचा एक आहार वाखाणला. तो काटेकोर पाळणाऱ्यांत हा रोग निम्म्याने कमी दिसला होता. पुढे ६०४ माणसांवर तीन वर्षे रीतसर प्रयोग केला, त्याचा निकाल २०२३ साली आला. त्यात स्मृतीच्या बाबतीत हा आहार घेणारे व साधा मोजका आहार घेणारे यांच्यात लक्षणीय अंतर पडले नाही. चीनमध्ये समुद्रशेवाळापासून काढलेल्या, आतड्यांवाटे गुण देते असे म्हटलेल्या एका औषधास २०१९ साली सशर्त परवानगी मिळाली; परंतु इतर देशांतील त्याची परीक्षा २०२२ साली अर्ध्यावरच थांबविण्यात आली.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट द्यावयाचे तर, कोणत्याही आहाराने, विरजणाने किंवा पुडीने हा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. ताक द्यावे, कारण ते रुचते, पचते व त्यासोबत पाणी पोटात जाते. परंतु ते मेंदूचे औषध म्हणून विकणाऱ्याच्या हाती पैसा देऊ नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराळे आहे. एकच पदार्थ दोघांस सारखा मानवत नाही, हे म्हणणे खरेच आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० माणसांची रक्तशर्करा जेवणानंतर मोजली, तो त्याच अन्नाने एकाची शर्करा चढते व दुसऱ्याची चढत नाही असे दिसले. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२० साली सुमारे हजार माणसांत, त्यांत पुष्कळशी जुळी भावंडे होती, हीच गोष्ट पाहिली. परंतु हे दोन्ही प्रयोग विस्मृतीच्या रोग्यांवर झालेले नाहीत. त्यांच्या आधारे आजोबांच्या शौचाच्या नमुन्यावरून त्यांच्या स्मृतीचे पथ्य कोणी लिहून देऊ लागला, तर त्याच्या लिहिण्यास आज पाया नाही, असेच म्हणावे लागेल.

आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस येथे चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिला अध्याय आठवेल. आहाराचे हिताहित ठरविणाऱ्या आठ गोष्टी तेथे सांगितल्या आहेत: पदार्थाचा स्वभाव, त्यावरील संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काल व जेवण्याचे नियम या सात, आणि आठवा 'उपयोक्ता', म्हणजे स्वतः जेवणारा. ज्यास जे सवयीने मानवले ते त्याचे 'ओकसात्म्य', आणि ते या आठव्यावर अवलंबून असते. चरकास जंतूंची वार्ता नव्हती, म्हणून सर्व काही आमच्या ग्रंथांत होतेच असा डौल आम्ही मिरविणार नाही. परंतु जेवणारास विसरून जेवणाचा विचार करू नये, हा विवेक त्यात आहे, आणि विस्मृतीच्या रोग्यास त्याचीच सर्वांत अधिक गरज आहे. असे व्यक्तिगत पथ्य लिहिण्यास पाटाशेजारी बसून पाहणारा माणूस लागतो. त्याने काय पाहावे ते आता सांगतो.

पहिली गोष्ट वजन. या रोगात माणसे हळूहळू वाळत जातात, आणि वयाचेच हे लक्षण असे समजून कोणी लक्ष देत नाही. दर महिन्यास वजन करावे. सहा महिन्यांत शेकडा पाचहून अधिक घट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो उतरले, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावे. आमच्या घरांतून एक विशेष दोष आढळतो. पन्नाशीत मधुमेह निघाला म्हणून गोड बंद झाले, साठीत रक्तदाब वाढला म्हणून मीठ उतरले, पुढे तूपही गेले. चातुर्मासाचे व एकादशीचे नेम तर होतेच. ऐंशीव्या वर्षी ही सर्व बंधने एकावर एक रचलेली तशीच उभी असतात. या रोगात वासाची जाणीव आधीच मंदावते. त्यावर अळणी, कोरडे जेवण पुढे आले की वृद्ध ताट सारून देतो. युरोपातील पोषणतज्ज्ञांनी २०१५ साली स्मृतिभ्रंशाविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले व २०२४ साली सुधारून दिले, त्यात अशा रोग्यांस निर्बंधांचे आहार टाळावेत असेच सांगितले आहे. म्हणून जुनी पथ्ये कोणती सैल करता येतील हे डॉक्टरांस विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असून जेवण मात्र राहून जात असेल तर शर्करा एकदम घसरून जिवावर बेतते, हेही त्यांच्या कानावर घालावे. उपवासाविषयी बोलावयाचे तर आतुरास त्याची सक्ती शास्त्रही करीत नाही.

दुसरी गोष्ट आम्हां शाकाहारी कुटुंबांसाठी फार महत्त्वाची आहे. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. आमच्या घरी ते काय ते दूधदुभत्यातून येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी खेड्यांतील व शहरातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत शेकडा ६७ जणांत ते कमी आढळले. ते अन्नातून सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते, आणि उतारवयात ते आम्ल उणावते. आम्लपित्तावरील गोळ्या व मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यानेही त्याचे शोषण घटते. ते कमी पडले म्हणजे पावलांस मुंग्या येतात, जीभ लाल होते, चालताना तोल जातो आणि विसराळूपणाही जडतो. हा विसराळूपणा वेळीच ओळखला तर औषधाने मागे हटू शकतो. म्हणून 'म्हातारचळ लागला' असे म्हणून हात टेकण्यापूर्वी ब१२ ची व थायरॉइडची तपासणी करून घेणे हे मुलांचे कर्तव्य होय. मात्र ज्यास कमतरता नाही त्याचा आल्झायमरचा रोग ब१२ ने हटत नाही.

तिसरी गोष्ट कोठा. विस्मृतीच्या माणसास पोट दुखते हे सांगता येत नाही. तो चिडतो, फेऱ्या घालतो, कपडे ओढतो. आमच्या परिचयाच्या एका घरी आजोबा संध्याकाळी दारे ठोठावून ओरडू लागले. रोग वाढला असे समजून झोपेच्या गोळीची गोष्ट निघाली. डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिले, तो चार दिवस शौच झालेले नव्हते. कोठा मोकळा झाला आणि आजोबा निवळले. पाणी कमी पिणे, हालचाल नसणे, लोहाच्या गोळ्या, लघवीच्या व सर्दीच्या काही गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे. आणि शेवटच्या प्रकारच्या गोळ्यांपैकी काही बुद्धीसही अधिक मंद करतात. तहान आठवत नसल्याने पाणी मागण्याची वाट पाहू नये. थोड्याथोड्या वेळाने पन्हे, ताक, सार, पेज यांची लहान वाटी हातात द्यावी. मुगाचे वरण, शिजविलेल्या भाज्या, पिकलेले पपई व केळे हळूहळू वाढवावे. इसबगोल मात्र पुरेसे पाणी पिववत असेल तरच द्यावे. ज्यास गिळताना त्रास होतो त्याच्या घशात ते फुगून बसते. याउलट डोनेपेझिलसारख्या विस्मृतीवरील औषधांनी काहींस मळमळ व जुलाब होतात, भूक जाते. तेव्हा ते औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस कळवावे.

चौथी गोष्ट ताट. बोस्टन येथे या रोगाच्या शेवटच्या पायरीवरील काही रुग्णांस पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल भांड्यांतून जेवण दिले, तो त्यांचे खाणे शेकडा २५ ने व पिणे शेकडा ८४ ने वाढले, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण नऊच होते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु करून पाहण्यास खर्च काहीच नाही. आमच्या घरी चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा दहीभात वाढतात. मंद नजरेस तो दिसावा कसा? केळीचे हिरवे पान किंवा गडद रंगाची थाळी घेऊन पाहावी. एका वेळी एकच पदार्थ वाढावा. दूरचित्रवाणी बंद ठेवावी. ज्यास भाताचा घास करणे जमत नाही त्यास हातात धरता येईल असे द्यावे: थालीपीठाचा तुकडा, इडली, धिरडे, मऊ लाडू. आणि त्यास एकट्यास बसवू नये; शेजारी कोणी जेवू लागले म्हणजे पाहून त्याचाही हात चालतो. जन्मभर ज्याने चित्राहुती घालून जेवावयास सुरुवात केली, त्याच्या हातावर पाणी घालावे. मुलाचे नाव विसरलेला हात ती क्रिया पुष्कळदा विसरलेला नसतो, आणि तिच्यामागोमाग घासही येतो. ओकसात्म्य म्हणतात ते याहून निराळे काय?

'मी जेवलोच नाही' या तक्रारीशी वाद घालू नये. ताटाचा पुरावा दाखविल्याने स्मृती परत येत नाही, अपमान मात्र होतो. "अप्पा, वाढतेच हं आता," असे म्हणून राखून ठेवलेली वाटीभर पेज किंवा अर्धे केळे पुढे करावे. एक मोठे जेवण मोडून त्याची पाच लहान केल्यास हे सहज साधते. आणि नातलगांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अशा वृद्धाच्या शब्दावरून सुनेची परीक्षा करणे हा शुद्ध अन्याय आहे.

पाचवी गोष्ट गिळणे. जेवताना ठसका लागणे, आवाज ओला येणे, घास गालात राहून जाणे ही धोक्याची चिन्हे होत. ताठ बसवून, लहान चमच्याने, पहिला घास उतरल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. तोंड व कवळी स्वच्छ ठेवावी. अशा वेळी पातळ पाणीही श्वासनलिकेत उतरू शकते, म्हणून ते दाट करावे की काय हे गिळण्याच्या तज्ज्ञास विचारावे. अखेरच्या पायरीवर अन्नाची नळी घालावी काय, हा प्रश्न मुलांपुढे येतो. अमेरिकेतील वार्धक्यचिकित्सकांच्या संस्थेने २०१४ साली स्पष्ट सांगितले की, वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळीची शिफारस करता येत नाही. हाताने, सावकाश, घेईल तितके भरवावे. नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही. ज्या आईस नळी घातली नाही तिला मुलांनी उपाशी ठेविले, असे कोणी बोलल्यास मुलांनी ते मनास लावून घेऊ नये. त्या पायरीवर अन्नाची इच्छा शरीरच सोडीत असते.

शेवटी एक साधे साधन सुचवितो. स्वयंपाकघरात एक वही टांगावी. आज काय खाल्ले, किती प्याले, शौच झाले की नाही, कोणत्या पदार्थाने तोंड फिरविले, कोणत्या वेळी मन प्रसन्न होते, हे दोन ओळींत रोज लिहावे. महिन्याचे वजन टाकावे. आणि ती एकट्या सुनेने लिहू नये. मुलाने रात्रीचा चमचा हाती घ्यावा, नातवाने सकाळची नोंद करावी. भरविणारीचे स्वतःचे जेवण गार होऊन चार वाजेपर्यंत पडून राहत असेल, तर त्या घरात एकाच्या जागी दोन रोगी होण्यास वेळ लागत नाही. डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. नमुना पाठवून विकत आणलेल्या कोणत्याही कागदापेक्षा ती अधिक बोलेल. कारण ज्यास आपण काय जेवलो हे आठवत नाही, त्याच्या वतीने ते आठवून ठेवण्याचे काम घराने पत्करले आहे, याची ती साक्ष असेल. कोणत्या पदार्थाने वृद्धाचे तोंड उघडले, हे वाचकभगिनींनी आम्हांस अवश्य कळवावे. निवडक पत्रांचा सारांश पुढे याच सदरात देऊ.